हा आवाज नाही

१

बोटवाल्या काकांचा आवाज दोनदा गेला. पहिल्यांदा गेला तो ऑपरेशनच्या टेबलावर, सगळ्यांना सांगूनसवरून. दुसऱ्यांदा गेला तो आवाजपेढीतल्या यंत्रातून, कुणालाही न सांगता.

काकांनी उभं आयुष्य धक्क्यावर बोटी पुकारल्या होत्या. कुठली बोट लागली, कुठली सुटते, पोरांना आत घ्या, कठड्यावर बसू नका. भोंगा बिघडला तर काका पुरे, असं लोक म्हणत. मग त्याच घशात गाठ निघाली. स्वरयंत्र काढावं लागणार हे ठरलं, तेव्हा ते मुलीला घेऊन इथे आले आणि आवाज ठेवून गेले. आवाजपेढीचं कामच ते. आवाज जायच्या आधी माणसाला बोलतं करायचं, ते जपून ठेवायचं आणि पुढे त्याच तुकड्यांवरून त्याच्यासाठी बोलणारं यंत्र बनवायचं.

मुलीला दिवस गेले होते. होणाऱ्या नातवंडासाठी काकांनी हाका, गोष्टी, बोटींची नावं असं बरंच काही मुद्रित केलं होतं. आज बापलेक ते ऐकायला आले होते. काका गळ्याला रुमाल बांधून ताठ बसले होते. ध्वनिमुद्रकाने पहिली फाईल वाजवायला घेतली.

यंत्र म्हणालं, ही फाईल वाजवता येत नाही.

दुसरीही नाही. तिसरीही नाही. काकांची एकही फाईल वाजेना. शेवटी फाईल अक्षरांच्या रूपात उघडून पाहिली, तर अगदी आरंभी मराठीत लिहिलेलं होतं: ‘घड्याळ मागे आहे. वेळ तपासा.’ त्यानंतर थोडा चिन्हांचा चिखल. मग दुसरं वाक्य: ‘हा आवाज नाही.’ आणि पुढे शेवटपर्यंत चिखलच चिखल. प्रत्येक फाईलमध्ये हेच.

मुलीने ते वाचलं. काकांनीही वाचलं. 

“हा कुणाचा विकृतपणा आहे?” मोठ्या बाई दारातून म्हणाल्या. त्या पेढीच्या प्रमुख. आवाज चढवायची त्यांना कधी गरज पडत नसे, आजही पडली नाही.

सगळ्यांच्या माना ध्वनिमुद्रकाकडे वळल्या. त्याला सगळे हळूभाऊ म्हणत, कारण दार ‘हळू’, पाऊल ‘हळू’, खोकला ‘हळू’, असा त्याचा दिवसभर जप चाले. आणि मुद्रणात जरा खरखर आली की त्याचं ठरलेलं वाक्य होतं: “हा आवाज नाही, कचरा आहे.”

तेच वाक्य. त्याच्याच यंत्रात. आणि सकाळी त्या खोलीत तो एकटाच होता.

“संध्याकाळी पाच वाजता ते यंत्र पुसून कोरं करायचं,” बाईंनी यंत्रांची देखभाल करणाऱ्याला सांगितलं. “आत काय शिरलंय देव जाणे, बाकी लोकांचे आवाज तरी वाचतील. आणि भाऊ, तुम्ही उद्यापासून येऊ नका.”

“पाच वाजेपर्यंत मला द्या,” मागून कुणीतरी म्हणालं.

ती चिमटा होती. प्रोग्राममधले दोष चिमट्याने काढावेत तसे काढते म्हणून हे नाव पडलेलं. बाळंतपणानंतर कामावर येऊन तिला फार दिवस झाले नव्हते. सकाळी उशीर झाला म्हणून तळमजल्यावरच्या पाळणाघरात लेकीची पिशवी जी पहिली रिकामी खुंटी दिसली तिच्यावर अडकवून ती जिना धावत चढून आली होती, आणि अजून धाप पुरती गेली नव्हती.

“तुला पाचला मुलीला न्यायचं असतं ना?” बाई म्हणाल्या.

“म्हणूनच पाच म्हटलं.”

२

“मी केलं असतं तर माझंच वाक्य लिहून ठेवलं असतं का?” हळूभाऊ खुर्चीत बसता बसता म्हणाला. “एवढा बावळट दिसतो मी?”

“भाऊ, दिसण्यावर जाऊ नका. सकाळपासून काय काय केलंत ते सांगा.”

“नेहमीचंच. सुट्टीत यंत्र बंद होतं, ते चालू केलं. नाहीतर त्याचा पंखा घरघरतो आणि शेजारच्या खोलीतल्या मुद्रणात येतो. मग काकांच्या फायलींवर दुरुस्ती चालवली.”

‘दुरुस्ती’ म्हणजे पेढीचा एक छोटा प्रोग्राम. मुद्रणातली खरखर तो काढून टाकायचा. प्रत वेगळी न ठेवता त्याच फाईलवर काम करायचा, आणि प्रत काढली जायची ती सफाई झाल्यावर. कचऱ्याच्या प्रती कशाला साठवायच्या, अशी पेढीची जुनी रीत. म्हणजे काकांच्या बिघडलेल्या फायलींच्या प्रतीही इमानेइतबारे बिघडलेल्याच होत्या.

“हुकूम काय टाईप केलात? जसाच्या तसा सांगा.”

“गप्प दुरुस्ती, आणि पुढे फाईलचं नाव. एकेका फाईलला एकेकदा.”

हे ‘गप्प’ जगात दुसरीकडे कुठे सापडलं नसतं. यंत्राला हुकूम द्यायचे ते शेलमार्फत. शेल म्हणजे मुकादम: तुम्ही ओळ टाईप करायची, त्याने योग्य त्या प्रोग्रामला कामाला लावायचं. पेढीचा शेल घरचाच होता. नानांनी, म्हणजे पेढीच्या सर्वांत जुन्या अभियंत्यांनी, तो फार पूर्वी लिहिला होता. प्रोग्रामने काही तक्रार केली की यंत्र ‘टिंग’ करायचं आणि ते टिंग नेमकं मुद्रणात उतरायचं. म्हणून हुकमाआधी ‘गप्प’ लिहायची सोय नानांनी केली होती. गप्प म्हटलं की प्रोग्रामने काम करायचं, तक्रार करायची नाही.

“नवऱ्यांसाठी पण काढा म्हणावं असा शब्द,” चिमटा म्हणाली.

हळूभाऊला हसू आलं, पण ते ओठांपर्यंत येऊन परत गेलं. “चिमटा, माझ्यावरचा आळ राहू दे. नोकरी काय, दुसरी बघीन. पण काकांना मी बसवलं होतं त्या खुर्चीत. ‘हळू’ म्हणालो, तर म्हणाले, ‘आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला हळू म्हणतंय.’ शेवटचं वाक्य बोलून झाल्यावर कानावरचे हेडफोन त्यांनी काढलेच नाहीत. बसून राहिले. तो माणूस खोलीतून जाताना सगळं इथे ठेवून गेला होता. ते मी सांभाळलं नाही.”

चिमटाने हुकमाची ओळ मनात पुन्हा एकदा वाचली. तीत वावगं काहीच नव्हतं. आणि तेच वाईट होतं.

३

यंत्रांची देखभाल करणाऱ्याला सगळे कुलूप म्हणत. प्रत्येक गोष्टीला किल्ली लावल्याशिवाय त्याला जेवण जात नसे.

“बाहेरून कुणी आलेलं नाही,” तो म्हणाला. “मी छातीठोक सांगतो. म्हणजे आतलाच माणूस. आणि आत कोण होतं ते सगळ्यांना माहीत आहे.”

“तुझं आणि भाऊंचं वाजलं होतं ना मागे?”

“त्याने माझ्या खोलीचं दार काढून ठेवलं होतं! करकरतं म्हणून! आख्खं दार!”

“बरं, दाराचं राहू दे. फायलींच्या लांबीचं काय?”

कुलूप जरा गडबडला. “तेच विचित्र आहे. लांबी तीच आहे. मुद्रणाच्या दिवशी होती तेवढीच. आणि ऐक, ह्या फायलींना शेवटचा हात कधी लागला माहितेय? यंत्रावरची तारीख बघ.”

चिमटाने पाहिलं. तारीख कित्येक वर्षांपूर्वीची होती. तेव्हा काका धक्क्यावर ठणठणीत आवाजात बोटी पुकारत होते. तेव्हा हे यंत्र विकतसुद्धा घेतलेलं नव्हतं.

“म्हणजे गुन्हा झाला तेव्हा गुन्ह्याची जागाच नव्हती,” कुलूप म्हणाला.

“किंवा,” चिमटा हळूच म्हणाली, “घड्याळ मागे होतं. फाईलमध्येच लिहिलंय की तसं.”

यंत्रातल्या घड्याळाचा सेल गेला होता, एवढं तर कुलपानेही कबूल केलं. यंत्र बंद करून चालू केलं की घड्याळ वर्षानुवर्षं मागे जायचं आणि मग थोड्या वेळाने आपोआप जुळायचं. म्हणजे पहिलं वाक्य खरं होतं. खोटं बोलणारा चोर तिने पुष्कळ वेळा पाहिला होता. घरात शिरून ‘तुमचं घड्याळ मागे आहे’ असं खरं सांगून जाणारा चोर ती पहिल्यांदाच पाहत होती.

“ही वाक्यं माझी आहेत,” नाना म्हणाले.

ते खिडकीशी बसले होते. बाई बाहेरून नवा, विकतचा शेल आणणार अशी कुणकुण होती, तेव्हापासून नाना दुखावले होते हे सगळ्यांना ठाऊक होतं. चिमटाला कामाची अक्षरओळख त्यांनीच करून दिली होती. त्यांना प्रश्न विचारताना तिने नजर पडद्यावरच ठेवली.

“तुमची म्हणजे?”

“दुरुस्ती प्रोग्राम माझा, तर त्यातल्या तक्रारी माझ्याच असणार ना, पोरी? आधी तो फाईल उघडतो. मग फाईलवरची तारीख आणि घड्याळ ताडून बघतो. घड्याळ मागे असेल तर तसं म्हणतो. मग फाईलचा सुरुवातीचा तुकडा वाचतो. त्या तुकड्यात हा आवाज आहे, एवढ्या लांबीचा आहे, असं लिहिलेलं असतं. ते सापडलं नाही तर म्हणतो, हा आवाज नाही, आणि तिथेच थांबतो. वाक्य भाऊचं उचललं, गंमत म्हणून.”

“आणि ही वाक्यं कुठे लिहितो?”

“तक्रारीच्या जागी. आणखी कुठे?” नानांनी बोटं पुढे केली. “शेल प्रत्येक प्रोग्रामच्या हाती तीन वाटा देतो. त्यांना क्रमांक असतात. शून्य क्रमांकावर ऐकायचं, एकवर बोलायचं, दोनवर तक्रार करायची. पुढे प्रोग्राम स्वतः जी फाईल उघडेल तिला यंत्र रिकामा क्रमांक देतं. माझा प्रोग्राम तक्रार करतो ती दोनवर. फायलीत तो एक अक्षर लिहीत नाही, सफाई पुरी होईपर्यंत. माझा प्रोग्राम ओरडतो, चावत नाही.”

तिने ओळ न् ओळ वाचली. नाना खरं बोलत होते. तक्रार दोन क्रमांकावरच जात होती.

सगळे खरं बोलत होते, आणि काकांचा आवाज नव्हता.

४

आता एकच उपाय होता. चोराला परत बोलवायचं.

चिमटाने दुसऱ्या एका मुद्रणाची प्रत घेतली. घड्याळ मुद्दाम मागे केलं. आणि तक्रार डोळ्यांनी दिसावी म्हणून ‘गप्प’ हा शब्द गाळून दुरुस्ती चालवली.

टिंग. पडद्यावर अक्षरं आली: ‘घड्याळ मागे आहे. वेळ तपासा.’ आणि फाईल? ठणठणीत. स्वच्छ वाजत होती.

पुन्हा केलं. पुन्हा टिंग, पुन्हा फाईल धडधाकट. घड्याळ आणखी मागे नेलं. लहान फाईल, मोठी फाईल, काकांच्याच खुर्चीतली दुसऱ्याची फाईल. टिंग, टिंग, टिंग. शेजारच्या खोलीतून हळूभाऊचा सवयीचा आवाज आला, “हळू!” आणि मग, आपल्याला इथे आता कुणाला हळू म्हणायचा अधिकार उरला नाही हे आठवून तो गप्प झाला.

तिने पहारा ठेवला की चोर येतच नव्हता.

तिचे खांदे भरून आले होते, अंगावरचं दूध दाटलं होतं. लेकीला पाजायची वेळ केव्हाच टळून गेली होती. बाहेरच्या बाकावर काका आणि त्यांची मुलगी तशीच बसून होती. मुलीने मान वर करून पाहिलं. चिमटाने “आलेच हं” एवढंच म्हटलं आणि जिना उतरली.

तिची लेक ठकू रडून रडून लाल झाली होती. आईला पाहताच आधी रागाने आणखी रडली, मग चिकटली. घोट घोट करत शांत होत गेली. एक हात वर करून आईच्या हनुवटीला चापट्या मारू लागली, हा तिचा पिताना चालायचा उद्योग. काकांच्या मुलीचं बाळही असंच कुणाच्या तरी हनुवटीला चापट्या मारील, चिमटाच्या मनात आलं, आणि आजोबा वाकून काही म्हणायला जातील, आणि...

तिने तो विचार तिथेच तोडला. तिला आत्ता रडायचं नव्हतं. काम करायचं होतं.

“मावशी, हिचं झबलं बदलते जरा. पिशवी द्या ना.”

पाळणाघरातल्या मावशींनी पिशवी आणून दिली. चिमटाने हात घातला तो ओल्या, आंबट वासाच्या चिंध्यांत गेला. लेकीच्या धुतल्या झबल्यांवर सगळ्या पोरांची ओकलेली लाळेरी कोंबलेली होती.

“अहो मावशी! हे काय केलंत?”

“अग बाई!” मावशींनी कपाळाला हात लावला. “ती तुमची पिशवी होय? तिसऱ्या खुंटीवर होती ती?”

“जी पहिली रिकामी दिसली तिच्यावर अडकवली मी. घाईत होते.”

“तिसरी मळक्याची हो! पहिलीवर माझा एप्रन, दुसरीवर टॉवेल, तिसरीवर मळक्याची पिशवी, आणि मग तुम्हा लोकांच्या पिशव्या. आज मळक्याची पिशवी धुऊन वाळत टाकली, म्हणून खुंटी मोकळी होती. मी काय बघत बसते होय दर वेळेला? हात आपला जातो तिसऱ्या खुंटीकडे, आणि असेल त्यात कोंबते. आता तुम्ही म्हणाल मी मुद्दाम—”

“नाही,” चिमटा म्हणाली. ती खुंट्यांकडे बघत होती. पहिली. दुसरी. तिसरी. शून्य, एक, दोन. “नाही मावशी. मुद्दाम कुणीच केलं नाही.”

तिने मळक्या लाळेऱ्यांसकट लेकीला छातीशी धरलं, दोन्ही गालांचे मुके घेतले, तिला मावशींच्या कडेवर दिलं आणि जिना पुन्हा धावत चढली.

५

मोठ्या बाई, कुलूप, हळूभाऊ, नाना, सगळी त्या छोट्या खोलीत दाटीवाटीने उभी राहिली. दारात काका आणि त्यांची मुलगी होती. कुलपाच्या हातात यंत्र पुसायची तबकडी तयार होती.

“आधी ती खाली ठेव,” चिमटा म्हणाली.

तिने मघाचीच प्रत पुन्हा घेतली. घड्याळ मागेच होतं. या वेळी तिने हुकूम हळूभाऊसारखा, जसाच्या तसा टाईप केला. ‘गप्प’ धरून.

टिंग झालं नाही. पडदा कोरा राहिला. तिने फाईल वाजवायला घेतली.

ही फाईल वाजवता येत नाही.

तिने ती अक्षरांत उघडली. ‘घड्याळ मागे आहे. वेळ तपासा.’ मग थोडा चिखल. ‘हा आवाज नाही.’

हळूभाऊ खुर्ची ओढून पडद्याशी बसला आणि ती अक्षरं पुन्हा वाचू लागला.

“मी तक्रार दिसावी म्हणून ‘गप्प’ काढत होते,” चिमटा म्हणाली, “आणि ‘गप्प’ काढलं की चोरीच होत नव्हती. पहारा ठेवणं म्हणजेच दार लावणं होतं. आता हे बघा. दोन वाक्यांच्या मधला हा चिखल. तो मूळ आवाज आहे, कुणी हात न लावलेला. आणि त्याची लांबी मोजली तर दुरुस्ती प्रोग्राम सुरुवातीचा जेवढा तुकडा वाचतो बरोबर तेवढी. का? कारण लिहिणारा आणि वाचणारा एकच होता. एक वाक्य लिहिलं, तिथून पुढे तुकडा वाचला, तो कळला नाही म्हणून दुसरं वाक्य लिहिलं. माणूस असं करत नाही. प्रोग्राम करतो.”

“पण माझा प्रोग्राम तक्रार दोन क्रमांकावर करतो,” नाना म्हणाले. आवाज मात्र आता तेवढा ठाम नव्हता.

“तिथेच केली त्याने, नाना. प्रश्न असा आहे की तेव्हा दोन क्रमांकावर होतं कोण?” ती त्यांच्याकडे वळली. “नवीन फाईल उघडली की यंत्र तिला कुठला क्रमांक देतं? तुम्ही मघाशी म्हणालात, रिकामा. कुठला रिकामा?”

नानांनी डोळे मिटले. “सगळ्यांत खालचा.”

“शून्य, एक, दोन भरलेले असले की फाईलला तीन मिळतो. पण शेलने दोन क्रमांक रिकामाच करून ठेवला असेल तर? प्रोग्रामने काकांची फाईल उघडली, तिला मिळाला दोन. मग घड्याळ मागे दिसलं. प्रोग्रामने सवयीने दोनवर तक्रार केली. ती तक्रार काकांच्या आवाजावर जाऊन पडली, अगदी पहिल्या अक्षरापासून. मग वाक्य संपलं तिथून पुढचा तुकडाच सुरुवातीचा समजून वाचला, त्यात काही ओळखू आलं नाही, आणि म्हणाला, हा आवाज नाही. पुन्हा दोनवर.”

“पण ‘गप्प’ आपण वर्षानुवर्षं लिहितोय,” कुलूप म्हणाला. “आजच कसं झालं?”

“कारण पूर्वी ‘गप्प’ म्हणजे तक्रार मोरीत सोडणं होतं.” मोरी म्हणजे यंत्रातली अशी एक जागा, जिच्यात काहीही ओता, कुठेच उरत नाही. “दोन क्रमांक भरलेला असायचा, मोरीने. आता शेलमध्ये कुणीतरी तो मोरीला न जोडता सरळ बंद केलाय. बंद म्हणजे रिकामा. हा बदल झाला, आणि तेवढ्यात घड्याळाचा सेलही गेला. एकटा बदल असता तर प्रोग्रामला तक्रार करायचं कारण पडलं नसतं. एकटा सेल असता तर तक्रार मोरीत गेली असती.”

“कुणी केलाय बदल?” बाईंनी विचारलं.

कुलूप शेलमधल्या बदलांची नोंद उघडायला पुढे झाला.

“मी,” नाना म्हणाले.

ते भिंतीला टेकले होते. “मागे एकदा ह्या यंत्रावरची मोरी कुणाच्या तरी हातून पुसली गेली. तिच्या जागी त्याच नावाची साधी फाईल तयार झाली, आणि सगळ्या तक्रारी तिच्यात साठत गेल्या. मोरी तुंबली. जागा संपली आणि एका बाईंचं मुद्रण अर्ध्यावर तुटलं. तेव्हा ठरवलं की मोरीच नको. तोंडच बंद करून टाकू, म्हणजे तुंबायचा प्रश्नच नाही. एका ओळीचा बदल. गेल्या आठवड्यात केला. मला वाटलं, सफाई झाली.”

“नाना, तुम्ही आवाज वाचवायलाच केलात तो,” चिमटा म्हणाली.

“हेतू कशाला सांगतेस पोरी. परिणाम दारात उभा आहे.”

सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. काका एकटक नानांकडे बघत होते. मग त्यांनी हात उचलला आणि धक्क्यावर बोटीला खुणावतात तसा पुढे, पुढे, असा हलवला. त्यांच्या मुलीने सांगितलं, “बाबा म्हणतात, पुढचं बोला. मिळेल का?”

“लांबी,” चिमटा म्हणाली. “फायलींची लांबी बदललेली नाही. काही काढून नेलेलं नाही, फक्त सुरुवातीवर लिहिलं गेलंय. त्या सुरुवातीत काका नव्हतेच. तिथे फक्त ‘हा आवाज आहे, एवढ्या लांबीचा’ एवढीच पाटी असते. याच यंत्रावरच्या सगळ्या मुद्रणांची पाटी सारखी, लांबी तेवढी वेगळी. आणि लांबी आपल्याला माहीत आहे.”

“पण वाक्यं पाटीपेक्षा मोठी आहेत,” नाना तोंडातल्या तोंडात हिशेब करत म्हणाले. “खऱ्या आवाजावर थोडं सांडलं असणार.”

“सांडलंय. पापणी लवते त्याच्याही आतलं. भाऊ, काका बोलायला लागायच्या आधी तुम्ही थोडा वेळ शांतता मुद्रित करता ना?”

हळूभाऊ उठून उभा राहिला. “नेहमी,” तो म्हणाला. “नेहमी! लोक हसतात मला. म्हणतात, नुसती शांतता कशाला साठवतोस.”

६

पाट्या नानांनी स्वतः बसवल्या. चिमटाने करते म्हटलं, तर म्हणाले, “तू बस. सकाळपासून उभी आहेस.”  एका निरोगी फाईलची पाटी उचलायची, काकांच्या फाईलची लांबी तीत घालायची, जागेवर ठेवायची. त्याआधी त्यांनी शेलमधली ती एक ओळ काढून पुन्हा मोरी जोडली, आणि चिमटाच्या सांगण्यावरून आणखी एक पहारेकरी बसवला: कुठलाही प्रोग्राम सुरू करण्याआधी शेलने पहिले तीनही क्रमांक भरलेत की नाही हे बघायचं, आणि एखादा रिकामा असेल तर तिथे मोरी अडकवायची. मोरी खरीच मोरी आहे की नावापुरती, हेही तपासायचं. रिकामी खुंटी म्हणून कुणापुढे ठेवायचीच नाही.

बाईंनी पुसायची तबकडी कुलपाच्या हातून घेऊन कपाटात ठेवली. मग हळूभाऊपाशी जाऊन म्हणाल्या, “उद्या लवकर या. आणि यापुढे प्रत आधी काढायची, सफाई मागून. कचऱ्याचीसुद्धा.”

“बाई, दार हळू लावा,” तो म्हणाला. त्याला दुसरं काही सुचलं नाही.

काकांना त्यांच्या त्याच खुर्चीत बसवलं. मुलगी शेजारी बसली. नानांनी पहिली फाईल लावली आणि मान खाली घातली.

आधी एक बारीक ‘टक्’ ऐकू आलं. मग हळूभाऊने साठवलेली शांतता. आणि मग ती खोली एकदम लहान पडली.

“चलाऽऽ, शेवटची बोट! सावकाश चढा, धक्काबुक्की नको. पोरांचे हात धरा. कोण राहिलंय मागे? ए बाळा, तू रे! धावू नकोस. मी सांगितल्याशिवाय बोट सुटत नाही. ये सावकाश. थांबलोय मी.”

मुलीने दोन्ही हात पोटावर ठेवले होते. काका स्वतःचाच आवाज कान देऊन ऐकत होते, एखादा जुना सोबती बऱ्याच दिवसांनी धक्क्यावर दिसावा तसे. नानांनी डोळ्यांवरून उलटा हात फिरवला.

“ते सुरुवातीचं टक् मी काढून टाकतो,” हळूभाऊ हलक्या आवाजात म्हणाला. “वाक्यं सांडली होती ना, त्याचं आहे. लगेच निघेल.”

काकांनी मान हलवली. नाही. मग त्यांनी बोटाच्या पेराने टेबलावर एकदा वाजवलं, टक्, आणि मुलीकडे पाहिलं.

“बाबा बोलायच्या आधी कठड्यावर असंच वाजवायचे,” ती म्हणाली. “लोकांनी ऐकावं म्हणून. असू दे म्हणतात.”

चिमटाने घड्याळ पाहिलं. पाच होऊन गेले होते. ती धावत खाली आली तेव्हा बाकीची मुलं गेली होती. मावशींच्या कडेवर ठकू शांत बसली होती. तिची पिशवी स्वच्छ धुऊन चौथ्या खुंटीवर टांगलेली होती, आणि तिसरीवर मळक्याची.

“उशीर केलात,” मावशी म्हणाल्या. “पण हिला मी सांगत होते, आई येणार आहे म्हणून. थांबलो आम्ही.”

ठकूने आईला पाहून दोन्ही हात पुढे केले आणि, अजून एकही शब्द येत नसताना, गळा काढून जोरात हाक मारली.